पॉइंट टू-टूची मॅच गोळी: कंपनी बघायची की लॉट?

रंकाळावेस (कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार. मुलगी सतरा वर्षांची आहे, ५० मीटर रायफल खेळते, प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री-पी (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन आणि स्टँडिंग म्हणजे उभं राहून) दोन्ही. एअर रायफलवरून पॉइंट टू-टूवर (०.२२ इंच बोअरच्या रायफलवर) आली तेव्हापासून क्लबमध्ये जी गोळी मिळेल ती वापरत आलो. आता तिचं लायसन्स झालंय, गोळ्यांचा कोटा मिळालाय आणि पुढच्या इम्पोर्टच्या यादीत आमची मागणी द्यायची आहे. एकदा मागणी गेली की वर्षभर तीच गोळी, आणि पैसेही बरेच अडकणार. म्हणून आधी विचारतोय.

रायफल सेकंडहँड आन्शुट्झ १९१३. बॅरल जुनं आहे, पण कोचच्या मते चांगलं आहे.

अडचण अशी की प्रोनमध्ये १०.४, १०.६, १०.५ गुणांच्या गोळ्या ओळीने लागतात आणि मधेच एखादी ९.६ येते. ती म्हणते, "बाबा, माझा कॉल दहाचाच होता. ट्रिगर सुटताना काहीच हललं नाही." (कॉल म्हणजे गोळी सुटताच ती कुठे लागली याचा नेमबाजाचा स्वतःचा अंदाज.) कोच मागे उभे राहून बघतात, त्यांनाही काही दिसत नाही. परवा अशाच दोन गोळ्यांनी तिची सीरिज गेली आणि पोरगी रात्री नीट जेवली नाही. मी स्वतः नेमबाज नाही. शिरोली एमआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप आहे. मायक्रोमीटर आणि डायल गेज रोज हातात असतात, त्यामुळे गोळ्या मोजून वेगळ्या काढायच्या असतील तर ते मी आनंदाने करीन.

क्लबमध्ये एक जण म्हणतो डोळे झाकून टेनेक्स घ्या, दुसरा म्हणतो आर५०, तिसरा म्हणतो ज्युनियरला एसकेची स्वस्त गोळी बास झाली. कुणाचं ऐकू?

दहा_पॉइंट_नऊ (ठाणे)

टेनेक्स घ्या. मी आणि माझे दोन मित्र तीच वापरतो, कधी तक्रार नाही. पैसे कमी पडत असतील तर एलीचीच टीम घ्या.

स्लिंगवाली (पुणे)

दादा, तुमची मुलगी खरं बोलत असण्याची शक्यता मोठी आहे. ती "कॉल दहाचा होता" म्हणते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवूनच पुढे जा. प्रोनच्या पोरीला आपल्या गोळीवरचा भरवसा उडाला की ती ट्रिगरवर थांबायला लागते, आणि ती सवय सोडवायला फार वेळ लागतो. म्हणून तुम्ही हा प्रश्न विचारलात ते मला मनापासून आवडलं.

आता कंपनीचं नाव जरा बाजूला ठेवा. एली टेनेक्स, आरडब्ल्यूएसची आर५०, लापुआची मिडास प्लस, तिन्ही जागतिक स्पर्धांत फायरिंग पॉइंटवर दिसतात. यातली वाईट कुठलीच नाही. विचारायचं ते लॉटबद्दल, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या गोळ्यांबद्दल. पेटीवर छापलेला लॉट नंबर कंपनीच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो लॉट *तुमच्या* बॅरलमध्ये कसा चालतो ते त्याहून महत्त्वाचं.

का ते सांगते. तुम्ही लेथवाले आहात, तुम्हाला आकडे लगेच पटतील.

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं. गोळीचा व्यास ५.६ धरतात. गोळीची कड दहाला शिवली तरी दहा, म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. ग्रुप (टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका) अगदी मधोमध बसवला तर मध्य ते मध्य १६ मिलिमीटरचा पसारा दहात मावतो. तेवढीच तुमची टॉलरन्स, चालेल इतका फरक. त्यातला काही भाग गोळी खाते, उरलेला मुलीच्या वाट्याला येतो.

गोळीचं वजन ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम. ती साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असते, कारण तो वेग वाटेत ओलांडताना गोळी अस्थिर होते. दुकानात हाय व्हेलॉसिटी म्हणून मिळते ती आपल्या कामाची नाही ती याचमुळे. ५० मीटर जाईपर्यंत ही गोळी साधारण १३ सेंटिमीटर खाली पडते. साइटने (नेम धरायच्या साधनाने) आपण ते भरून काढतो, पण प्रत्येक गोळी सारखीच पडेल हे धरून. एखादी १० मीटर प्रतिसेकंदाने हळू सुटली तर ती आणखी सुमारे ८ मिलिमीटर खाली जाते, म्हणजे टार्गेटवरची अख्खी रिंग, एक गुण. मुलीने काहीही न हलवता १०.५ ची ९.६ होते ती अशी.

वेग का बदलतो? पॉइंट टू-टूला मध्ये दारू पेटवणारी वेगळी प्रायमरची कॅप नसते. पेट देणारा ओला मसाला केसच्या (गोळीच्या पितळी नळीच्या) पोकळ कडेत फिरवून बसवतात आणि वाळवतात. तो कडेत सगळीकडे सारखा नसेल तर दारूला पेट सारखा मिळत नाही. शिवाय ही गोळी घरी भरता येत नाही, त्यामुळे कारखान्यात त्या दिवशी, त्या मशीनवर जे झालं तेच आपल्या नशिबी. एलीच्या पेटीवर त्या लॉटचा वेग छापलेला असतो, तो जरूर बघा. पण तेवढ्यावरून घेऊ नका.

कारण पुढची गोष्ट बॅरलची आहे. गोळी आतून जात असताना बॅरलचं तोंड थरथरत असतं. तोंड वर चढत असताना गोळी बाहेर पडत असेल, तर हळू गोळी क्षणभर उशिरा, म्हणजे तोंड आणखी थोडं वर गेल्यावर सुटते आणि तिची जास्तीची पडझड आपोआप भरून निघते. तोंड खाली येत असताना सुटत असेल तर उलट, चूक आणखी वाढते. हे प्रत्येक बॅरलचं वेगळं. ठाण्याच्या दादांच्या तीन रायफलींत टेनेक्स सुंदर चालत असेल, ते खरंच आहे. पण त्यावरून तुमच्या १९१३ बद्दल काहीच कळत नाही.

परदेशी खेळाडू यासाठी थेट कारखान्यात जातात. लापुआचं टेस्ट सेंटर जर्मनीत शोनेबेकला, आरडब्ल्यूएसचं फ्युर्थला, एलीचं बर्मिंगहॅमला. स्टॉक (दस्ता) काढून बॅरल आणि अ‍ॅक्शन (गोळी भरायची आणि उडवायची यंत्रणा) शिकंजात आवळतात, एकेक लॉट झाडतात आणि कॉम्प्युटर ग्रुप मोजून देतो. आपल्या टीमची मुलं स्पर्धेला युरोपात जातात तेव्हा जमलं तर हे उरकून येतात. तुम्हाला हे कोल्हापुरात करता येईल, जरा ओबडधोबड, पण कामापुरतं नक्की:

आधी रायफल तपासा. अ‍ॅक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने सारखे आवळलेले आहेत का, मागची साइट हातात डुगडुगते का, आणि चेंबरच्या (बॅरलमध्ये गोळी बसते त्या जागेच्या) पुढे कार्बनचं कडं जमलंय का. जुन्या पॉइंट टू-टू बॅरलमध्ये हे कडं फार वेळा सापडतं आणि अशी मधेच भरकटणारी गोळी त्याच्यामुळेही येते. बोरस्कोपने बघून घ्या. ते साफ केल्याशिवाय एकही गोळी तपासायला झाडू नका, सगळी मेहनत वाया जाईल.

मग टेबल, पुढे रेस्ट, मागे वाळूची पिशवी. रायफल दर वेळी फोरएंडच्या (स्टॉकच्या पुढच्या भागाच्या) त्याच जागी टेकली पाहिजे, तिथे पेन्सिलने खूण करा. पहाटे जा, वारा पडलेला असताना. आडवा वारा फक्त १ मीटर प्रतिसेकंदाचा असला तरी या गोळीला ५० मीटरवर साधारण ६ मिलिमीटर ढकलतो, आणि तुम्ही तेवढ्याच फरकांचा हिशोब करायला बसलेले असता. लॉट किंवा कंपनी बदलली की आधीच्या गोळीचं मेण बॅरलमधून जायला पंधरावीस गोळ्या द्या, त्या मोजू नका. नंतर दहा-दहाचे चार ग्रुप, साइटला हात न लावता, आणि चारही एकावर एक ठेवून चाळीस गोळ्यांचा एकच ग्रुप मोजा. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. त्यात सुटी (ग्रुपबाहेर जाणारी) गोळी सापडत नाही, आणि तुम्ही शोधताय तीच.

राहिला पैशांचा प्रश्न. तुम्ही टॉलरन्स स्टॅकचा हिशोब करता ना, वर्गांची बेरीज आणि वर्गमूळ? इथेही तोच. समजा स्टँडिंगमध्ये मुलीचा स्वतःचा पसारा ३० मिलिमीटर. गोळीचा १४ असेल तर एकूण ३३. महाग लॉट घेऊन गोळीचा ११ वर आणला तर एकूण ३२. काय मिळालं? काही नाही. आता प्रोन बघा. तिचा पसारा १०. १४ च्या गोळीने एकूण १७, दहाच्या बाहेर. ११ च्या गोळीने १५, दहाच्या आत. चांगल्या लॉटचा पैसा प्रोनमध्ये वसूल होतो, स्टँडिंगच्या सरावात नाही. एसके स्टँडर्ड प्लसवर स्टँडिंगचा सराव बिनधास्त करू द्या.

आपल्याच तेजस्विनीताई सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या तेव्हा स्कोअर होता ६०० पैकी ५९७. साठ गोळ्यांत तीन गुण गेले. त्या पातळीवर सुटी गोळी परवडतच नाही. आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी १ ऑगस्ट २०२४ ला थ्री-पीच्या फायनलमध्ये ४५१.४ वर कांस्य घेतलं, त्यात प्रोनसोबत नीलिंग आणि स्टँडिंगही होतं. मुलीला दोन्ही खेळायचं असेल तर गोळीही दोन दर्जाची ठेवा.

रंकाळावेस

ताई, हे वाचून डोक्यात प्रकाश पडला. स्क्रू तपासले, ठीक आहेत. कार्बनचं कडं मात्र निघालं, कोचनी साफ करून दिलं. एक विचारू? केसच्या कडेची जाडी डायल गेजने मोजून शंभर शंभर गोळ्या वेगळ्या केल्या तर? माझ्याकडे मायक्रॉनमध्ये वाचणारं गेज आहे, हात बसलेला आहे.

स्लिंगवाली

कराल तर नुकसान नाही. कडेच्या जाडीवर गोळी चेंबरमध्ये किती घट्ट बसते आणि फायरिंग पिनचा मार कसा लागतो ते ठरतं, त्यामुळे कल्पना चुकीची नाही. स्वस्त गोळीत मोजून थोडा फरक पडतोही. पण वरच्या दर्जाच्या गोळीत ती जाडी आधीच इतकी सारखी असते की तुमच्या संध्याकाळी जातील आणि टार्गेटवर काही दिसणार नाही. शिवाय मसाला आत कसा बसलाय ते कुठल्याच गेजने कळत नाही. तुमचा हात गेजवर बसलेला आहे तर तो रेस्ट बनवण्यात घाला. पुढचा रेस्ट उंचीला आणि आडवा स्क्रूने सरकणारा, जड बेसचा, असा एक तुमच्या वर्कशॉपमध्ये बनवलात तर क्लबमधली सगळी पोरं दुवा देतील.

माजी_हवालदार (सातारा)

राम राम. मी मोठ्या बोअरचा माणूस, ३०० मीटरचा. ताईंनी सांगितलं ते सगळं बरोबर. माझ्याकडून दोनच गोष्टी.

पहिली, एका डिटेलमध्ये (एका वेळच्या फेरीत) दोन लॉटची गोळी कधी मिसळायची नाही. साइटर (साइट लावायला आधी मारायच्या, गुण न धरलेल्या गोळ्या) एका लॉटवर आणि स्कोअरच्या गोळ्या दुसऱ्या लॉटवर मारणारे मी बघितलेत. साइट कुठे लावली याचा अर्थच राहत नाही. पेटीवरचा नंबर स्कोअरच्या वहीत लिहायचा.

दुसरी, गोळी सावलीत ठेवा. मे महिन्यात पेटी उन्हात फायरिंग पॉइंटवर पडलेली असते, आणि काही पोरं गोळी चेंबरमध्ये घालून वारा बघत बसतात. तापलेल्या चेंबरमध्ये दारूही तापते, वेग वाढतो, गोळी वर जाते. थांबायचं असेल तर बोल्ट उघडा आणि गोळी बाहेर काढा. पॉइंट टू-टूचं मेणही उन्हात मऊ पडतं, ते वेगळंच.

सरेकर (इंग्लंड)

मी बिस्लीच्या रेंजवर टार्गेट रायफल खेळतो, त्यामुळे लांब पल्ल्याचं थोडं सांगतो, कदाचित कुणाला उपयोगी पडेल. इथल्या किंग्ज प्राइझ स्पर्धेची अंतिम फेरी ९०० आणि १००० यार्डांवर होते, ७.६२ मिलिमीटरची रायफल, १५५ ग्रेनची बुलेट.

नवीन लोक १०० यार्डांवर सुंदर ग्रुप बघून गोळी ठरवतात. १०० वर वेगाचा फरक टार्गेटवर जवळजवळ दिसतच नाही. तोच १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक, जो ताईंनी ५० मीटरला एक रिंग म्हणून दाखवला, आमच्याकडे १००० यार्डांवर वीतभर खाली-वर होतो. म्हणून आम्ही ग्रुपबरोबर क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) लावतो आणि ज्या गोळीच्या वेगाचा पसारा लहान ती घेतो, भले १०० यार्डांवर तिचा ग्रुप दुसरीपेक्षा किंचित मोठा का असेना.

आणि आवाजाच्या वेगाचा मुद्दा आमच्याकडे उलटा येतो. पॉइंट टू-टू त्याच्याखालीच सुटते. आमची गोळी वरून सुटते आणि १००० यार्डांपर्यंत वरच टिकायला हवी. थंडीच्या दिवशी हळू सुटली तर शेवटच्या टप्प्यात खाली येते, डगमगते, आणि टार्गेटवर कुठेही जाते. ९०० यार्डांवर छान चाललेली गोळी १००० वर बिघडली की मी वाऱ्याच्या आधी हे तपासतो.

रंकाळावेस

ताई, निकाल घेऊन आलोय. रेस्ट बनवला, फोटो नंतर टाकतो. क्लबमध्ये एकाच कंपनीच्या, एकाच दर्जाच्या तीन लॉटच्या पेट्या होत्या. सूर्य उगवायच्या सुमारास मुलीने झाडल्या, कोच शेजारी होते. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवरून मध्य ते मध्य मापं, मिलिमीटरमध्ये:

लॉट अ: ९.८, १०.४, १६.९, १०.१. चाळीसचा मिळून १८.३.
लॉट ब: १२.२, ११.७, १२.९, १२.४. मिळून १४.६.
लॉट क: १३.५, १५.१, १४.२, १५.८. मिळून १९.४, आणि सगळा पसारा उभा.

मुलीला अ आवडलाय. चारपैकी तीन ग्रुप तिचेच सर्वांत लहान, आणि ती म्हणते तो एक ग्रुप सोडला तर हाच हिरा आहे. आयातदाराकडे अ आणि ब दोन्ही शिल्लक आहेत असं कळलंय.

स्लिंगवाली

किती नीट काम केलंत! क काढून टाका. रेस्टवरून उभा पसारा म्हणजे वेग सारखा नाही आणि तुमचं बॅरल तो भरूनही काढत नाही.

अ आणि ब मध्ये मी आज ब घेईन. अ च्या तिसऱ्या ग्रुपमध्ये एकच गोळी बाहेर असणार. स्क्रीनवर बघा, ती खाली आहे का? असेल तर ती हळू सुटलेली गोळी, आणि चाळीसमध्ये एक म्हणजे साठच्या मॅचमध्ये एक किंवा दोन. मुलीला रात्री जेवू न देणारी गोळी तीच. ब चा एकही ग्रुप डोळ्यांत भरण्यासारखा नाही, पण चाळीसच्या चाळीस गोळ्या १६ च्या आत आहेत. मॅचमध्ये मला तेच हवं.

तरी एकदम मागणी देऊ नका. चाळीसमधली एक गोळी योगायोगही असू शकते. फक्त अ आणि ब, पुन्हा चाळीस-चाळीस, वेगळ्या दिवशी, आणि या वेळी ब आधी झाडा. अ मधली एखादी गोळी पुन्हा ग्रुपबाहेर गेली तर प्रश्न मिटला, ब घ्या. गेली नाही तर अ घ्या, मी स्वतः तेच सांगेन.

मागणीत लॉट नंबर स्पष्ट लिहा आणि माल हातात आला की पेटी उघडण्याआधी नंबर जुळवा. सगळी मॅच गोळी एकाच लॉटची घ्या. वर्ष संपत आलं की त्यातल्या दोनशे बाजूला ठेवा, नवीन लॉट आला की त्याच दिवशी दोन्ही शेजारी शेजारी झाडून बघायला लागतील. घरात लायसन्सच्या नियमाप्रमाणे कुलपात, कोरड्या जागी. कोल्हापूरच्या पावसात गोदरेजच्या कपाटातही ओल धरते, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि बदलत राहा.

रंकाळावेस

बघितलं. तीच एक गोळी, सरळ खाली, साडेसहा वाजल्याच्या दिशेला. मुलीला दाखवली तर म्हणाली, "बघा, मी म्हणत होते ना." रविवारी पुन्हा झाडतो, ब आधी. क ची क्लबकडे बरीच शिल्लक आहे, तिचं काय करायचं असं सेक्रेटरी विचारतायत.

स्लिंगवाली

स्टँडिंगच्या सरावाला द्या. आणि पेटीवर मार्करने मोठ्ठा "क" लिहून ठेवा, म्हणजे मॅचच्या सकाळी घाईत चुकून कुणाच्या ब्लॉकमध्ये (गोळ्या मांडायच्या ठोकळ्यात) जाणार नाही.